पाणसळ

असा एक गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. नवं घर बघायला बोलावलं की कौतुक करण्याआधी फरशीवर गोटी सोडून बघणारा. आमच्या वाट्याला आलेले काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. मिनियापोलिसच्या मुलानं हौसेनं आईवडिलांना कॅम्पर भाड्यानं घेऊन दिला आणि आम्हांला सोबत जायची गळ घातली. आम्ही तंबूवाले. भिडेखातर हो म्हणालो.

वाट मात्र देखणी. डुलूथपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत हायवे 61 लेक सुपीरियरचा काठ धरून जातो, साधारण 240 किलोमीटर. तळं आपलं म्हणायचं. पसारा 82,000 चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चौथाईहून मोठा. काकांना ते कॅम्पर लेव्हलला आल्याशिवाय दिसत नसे.

गाडी काकू चालवत. गूजबेरी फॉल्सला मुक्कामी पोचलो तसे काका पाणसळ घेऊन उतरले. बुडबुडा डावीकडे. चाकाखाली फळी. "घे पुढे. थांब. मागे. अगं, थांब म्हटलं ना!" बुडबुडा उजवीकडे. शेजारचे अमेरिकन खुर्च्या टाकून बघायला बसले. अंधार पडला, डास आले, चहाचा विषय कुणी काढेना.

त्यांचं शास्त्र असं, की गॅसवरचा फ्रिज अमोनियावर चालतो, कलला तर अमोनिया अडकतो. खरं आहे. पण या कॅम्परचा फ्रिज कॉम्प्रेसरचा, तो असल्या उताराला भीक घालत नाही. मी तसं सांगितलं.

"फ्रिजचं सोडा. अंडी घरंगळतात त्याचं काय?"

पुढे स्प्लिट रॉकचं दीपगृह. 1905च्या नोव्हेंबरात वादळानं इथली जहाजं फोडली म्हणून बांधलेलं, 1910 साली उजळलेलं. कड्याच्या टोकाशी उभं, खाली निळंशार पाणी. लोक फोटो काढत होते. काकांनी कठड्यावर पाणसळ ठेवली. "अर्धा सूत बाहेर आहे," म्हणाले, आणि इतके खूश झाले की वाटलं, तिकिटाचे पैसे इथेच वसूल झाले.

ग्रँड मरेला मला खरी पाणसळ कळली. काकूंनी आत तव्यावर थालीपीठ लावलं, भोकात तेल सोडलं आणि खिडकीतून हाक दिली, "उजवीकडे पळतंय हो!" काकांनी बाहेर फळी सरकवली. "आता?" "थोडं अजून." "आता?" "हं, बसलं." खिशातल्या पाणसळीकडे दोघांपैकी कुणी पाहिलंही नाही. चाळीसेक वर्षांच्या संसारात हे संभाषण किती गावांच्या क्वार्टरांमधून झालं असेल कोण जाणे. थालीपीठ, कबूल करायला हवं, सगळीकडून सारखं खरपूस होतं.

मग मला दुर्बुद्धी सुचली. मी काकांना सांगितलं की हे तळंच कलतंय. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्यानं दबलेली जमीन अजून वर येते आहे, ईशान्येचा काठ जास्त वेगानं; त्यामुळे पाणी हळूहळू डुलूथच्या बाजूला चढतंय. वाटलं, आता या पाण्याखालीही फळ्या सारायला निघतील.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आम्ही कालव्याला उतार देत आलो जन्मभर. किलोमीटरला काही इंच, बस. जास्त दिला तर काठ खातो, कमी दिला तर गाळ बसतो. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचावं म्हणून केलं सगळं. शेवटच्या शेताला ते पोचलं नाही बऱ्याचदा. उतार बरोबर होता हो. वरचे लोक फोडून घ्यायचे."

काकूंनी त्यांच्या हातात चहा दिला. काठोकाठ भरलेला, आणि त्यांनी चक्क तो तसाच प्यायला, कप कशावर ठेवून न बघता.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांना कॅनडाच्या बाजूनं अख्खी प्रदक्षिणा करायची आहे, दोन हजार किलोमीटरच्या वर. आम्ही जाणार आहोत. आणखी कुणाला यायचं असेल तर जरूर या. फळ्या मात्र ज्याच्या त्यानं आणायच्या, काका आपल्या देत नाहीत.