रियूला दाढी आली

बातमी तशी किरकोळ. वर्तमानपत्रांनी छापली नाही, टीव्हीवर खाली पट्टी फिरली नाही. पण २ जून २०२३ रोजी 'स्ट्रीट फायटर' या मारामारीच्या व्हिडिओगेमचा सहावा भाग आला, तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपासच्या पुष्कळ सभ्य गृहस्थांच्या काळजात चर्र झालं ते याच कारणानं. १९८७च्या पहिल्या भागापासून त्यातला हा रियू बाह्या फाडलेला पांढरा पोशाख घालून जगभर मारामाऱ्या करत हिंडतोय. आम्हाला तो भेटला दुसऱ्या भागात, तेव्हा त्याच्या पायात काही नव्हतं, गाठीला काही नव्हतं आणि चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं. आता भरघोस दाढी, एका खांद्यावरून घेतलेलं भिक्खूंचं वस्त्र आणि पायात चक्क गवती चपला.

दाढीमुळे तो शहाणा दिसतो, यात वाद नाही. पण नोकरी अजून नाही, घर नाही, लग्नाचं तर नावच काढू नका. त्याच्या बरोबरीचा केन एवढा श्रीमंताघरचा. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, सगळं रांगेला लागलं होतं. सहाव्या भागात केनवर कसल्याशा कटाचा खोटा आळ आलाय. बायको-मुलापासून लांब, तो एका बांधकामाच्या साइटवर लपून राहतोय. इंटरपोलमधली चुन-ली आता चायनाटाउनात लोकांना कुंग फू शिकवते. ब्लांका हा हिरवा, अंगातून वीज सोडणारा प्राणी. तो स्वतःच्या छोट्या बाहुल्या करून पर्यटकांना विकतो. ही सगळी मंडळी एकापाठोपाठ एक पडद्यावर आली तेव्हा मला वाटलं, हे आपण कुठंतरी पाहिलंय. मग आठवलं: आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर. तिथेही एक दाढीवाला होता, एक कोर्टकचेरीत अडकलेला होता, एकीनं स्वेच्छानिवृत्ती घेऊन क्लास काढला होता आणि एकजण निघताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी विकत ठेवत होता.

खलनायकांचं मात्र बरं असतं. बायसन पाचव्या भागात मेला होता. म्हणजे रीतसर, सगळ्यांच्या देखत. २०२४च्या जूनमध्ये तो वेगळे पैसे भरून घ्यायचं पात्र म्हणून परत आला, येताना घोडा घेऊन आला आणि आता म्हणतो, मागचं काही आठवत नाही. जगाच्या उलाढाली केलेल्या माणसाला चौकशीची वेळ आल्यावर नेमकं काही आठवत नाही, हे वास्तवाला धरून आहे.

आणि धालसिम! दुसऱ्या भागात, म्हणजे १९९१ साली, ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं जगभरातले आठ लढवय्ये आपल्यापुढे ठेवले. अमेरिकेला विमानदलाचा तगडा अधिकारी दिला, रशियाला अस्वलांशी कुस्ती खेळणारा झांगिफ दिला, आणि भारताला दिला एक हाडकुळा योगी. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग आणि हात-पाय लांबवून समोरच्याला टपली मारायची कला. त्याच्या घरच्या मैदानात दोन्ही बाजूंना हत्ती उभे राहून सोंडा वर करायचे. आम्ही साताऱ्याची पोरं. हत्ती आम्ही सर्कशीत पाहिलेला, तोही एक. पण जपानी माणसानं आपल्याला आठात घेतलं याचाच आनंद इतका, की तपशिलावर कोणी बोट ठेवलं नाही. पुढे कळलं की या धालसिमला एक मुलगाही आहे आणि त्याचं नाव दत्ता. ओसाकाच्या कचेरीत हे नाव कुणाला आणि कसं सुचलं असेल, याचा विचार मी अजूनही अधूनमधून करतो. शाळेत हजेरी चाललीय, "दत्ता धालसिम," आणि मागच्या बाकावरून एक हात लांबत लांबत थेट मास्तरांच्या टेबलापर्यंत येतोय.

धालसिमला कुणी घेत नसे. तो हळू. रियूनं एक निळा गोळा सोडला आणि केननं एक उडी मारली की धालसिमचा योग तिथेच आटोपायचा. मी मात्र त्यालाच घ्यायचो. देशाची इज्जत वगैरे बोलायचो, आणि रुपया घालवून बाजूला व्हायचो.

आमचं व्हिडिओगेमचं पार्लर एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. पार्लर म्हणजे एक रिकामा गाळा, तीन मशिनं, एक टेबलफॅन आणि मालक. फॅनचं तोंड मालकाकडे. मधल्या मशिनच्या हँडलचा लाल गोळा केव्हाच गळून पडला होता आणि उरलेल्या लोखंडी दांडीवर मालकानं सायकलची ग्रिप चढवली होती. त्या ग्रिपवर रेघा होत्या. संध्याकाळपर्यंत त्या तळहातावर उमटायच्या आणि घरी गेल्यावर 'ग्रंथालयात होतो' हे सांगणं अवघड होऊन बसायचं. झांगिफचा मोठा डाव टाकायचा तर हँडल पुरतं गोल फिरवावं लागतं. त्यामुळे मशिनच्या काचेवर पाटी होती: 'झांगिफ घेऊ नये. हुकमावरून.' एका रशियन पैलवानाला सातारा शहरात अशी प्रवेशबंदी होती. मारामारीचे नियम पोरांनी केले होते. पकडून फेकायचं नाही. एकाच कोपऱ्यात दाबून लाथा घालत राहायचं नाही. जो असं करी तो जिंकायचा खरा, पण मशिनवर. बाहेर गल्लीत निकाल फिरायचा.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला फार उशिरा कळली. आमच्या मशिनवरचा खेळ मुळात अस्सल नव्हताच. १९९२च्या सुमारास मूळ खेळाच्या चिपांमध्ये कुणीतरी उद्योग करून एक चोरटी आवृत्ती काढली होती, जाणकार तिला 'रेनबो एडिशन' म्हणतात. त्यात उडी मारल्यावर हवेतूनही गोळे सोडता येतात. एक नव्हे, भसाभस. खेळता खेळता स्टार्टचं बटण दाबलं की रियूचा झांगिफ होतो, झांगिफची चुन-ली होते. (यामुळेच पाटी असूनही झांगिफचा शिरकाव होत असे.) आम्हाला वाटायचं, जपानी लोकांची कल्पनाशक्तीच अशी अफाट! पुढे मुंबईत एका मामेभावाकडे अस्सल खेळ पाहिला, तर त्यात रियू जमिनीवर उभा राहून एका वेळी एकच गोळा सोडत होता. मला वाटलं, मुंबईला खराब मशिन पाठवलंय.

गंमत म्हणजे त्या चोरट्या खेळानं लोकांना इतकं वेड लावलं की मूळ कंपनीला स्वतःचा खेळ वेगवान करावा लागला. त्यातून 'टर्बो' निघाला. त्याआधी 'चॅम्पियन एडिशन' येऊन गेला होता, त्यानंतर 'सुपर' आला, मग 'सुपर टर्बो' आला. दोनाच्या पुढचा तीन हा आकडा कंपनीला सापडायला १९९७ उजाडलं. तोवर आमची बारावी झाली होती आणि गाळ्यात झेरॉक्सचं दुकान आलं होतं.

सहावा भाग माझ्या घरी आला तो भाच्याबरोबर. तो पुण्यात शिकायला म्हणून आमच्याकडे राहतो आणि शिकण्याच्या सामानात प्लेस्टेशन घेऊन आला. पहिल्याच संध्याकाळी मी शर्टाच्या बाह्या दुमडून बसलो. खाली, तिरकं, पुढे आणि बटण. बोटांना सगळं आठवत होतं. गोळा सुटला. भाच्यानं तो अंगावर झेलून रोखला, चालत आला आणि मला कोपऱ्यात घेऊन असं काही बदडलं की आतून बायकोनं विचारलं, "भांडताय का?"

"मामा, तू मॉडर्नवर खेळ," भाचा म्हणाला.

मॉडर्न म्हणजे नवी सोय. खाली-तिरकं-पुढे काही करायचं नाही. एक बटण दाबलं की गोळा, तेच बटण पुढच्या दिशेसह दाबलं की उडता ठोसा. ज्या ठोशासाठी आम्ही अंगठ्याची सालटी काढली, इंग्रजी झेड गिरवून गिरवून हँडलं मोडली, तो आता लिफ्ट बोलवावी तसा येतो. म्हणे नवीन लोकांना जड जाऊ नये! मला तर वाटतं, जड जाण्यासाठीच ते होतं. शिक्षा म्हणून या सोप्या वाटेनं मारलेला तडाखा वीस टक्क्यांनी कमी लागतो. एवढीच काय ती न्यायबुद्धी शिल्लक आहे. मी बाणेदारपणे 'क्लासिक'च निवडलं आणि बाणेदारपणेच हरत राहिलो.

हरणं सोसता येईल एक वेळ. त्याचं विश्लेषण सोसत नाही. पडद्यावर रंगीत चौकोनांची एक पट्टी असते. एका सेकंदाचे साठ भाग, प्रत्येक भागाला एक चौकोन. कोणाचा ठोसा कितव्या चौकोनात निघाला, कोण किती चौकोन रिकामा उभा राहिला, सगळी नोंद. भाचा पट्टी थांबवून म्हणतो, "हे बघ, इथं तू मायनसमध्ये आहेस." महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मी कायमच मायनसमध्ये असतो, ते दाखवायला रंगीत पट्टी कशाला? "आणि हा जॅब चार फ्रेमचा आहे. तू त्याच्यात मध्ये घुसूच शकत नाहीस." म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात माझ्यावर कारवाई होऊन निकालही लागलेला असतो. मला अजून भुवई उचलायची असते.

कॉम्बो ही भाच्याची दुसरी दैनंदिन साधना. एकात एक गुंफलेले दहा-बारा तडाखे. तोंडानं मंत्र पुटपुटत तो ते घोकतो. मी त्याला सांगितलं की ही सगळी विद्या एका चुकीतून आली. दुसऱ्या भागात मधूनच एक मोटार फोडायची फेरी असे. ती तपासताना कंपनीतल्या नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की वेळ नेमकी साधली तर एका ठोशात दुसरा घुसवता येतो. हे इतकं अवघड आहे की कोणाला जमणार नाही, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. माणसाच्या रिकामटेकडेपणाचा अंदाज एवढा चुकलेला दुसरा कोणी नसेल. भाच्यानं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकताच मला आणखी एकदा पाडलं.

मग मी एकट्यानं खेळायच्या 'वर्ल्ड टूर'कडे वळलो. तिथे आपण आपला माणूस घडवायचा आणि मेट्रो सिटी नावाच्या शहरात सोडायचा. रस्त्यात दिसेल त्याला आव्हान द्यायचं. ऑफिसला निघालेला कारकून असो की पिशवी घेतलेल्या आजी. विचारलं की त्या लगेच पवित्रा घेतात, रीतसर मारामारी होते आणि संपल्यावर कोणाच्या मनात काही राहत नाही. पुण्यातल्या चौकात याच्या नेमकं उलट: आव्हान कोणी देत नाही, आणि मनात मात्र सगळं राहतं.

या शहरात जुनी मंडळी गुरू म्हणून भेटतात. विद्या हवी तर त्यांची मर्जी सांभाळायची, आवडीनिवडी ओळखून भेटवस्तू द्यायच्या. मग ते फोनवर निरोपही धाडतात. रियूला भेटवस्तू देताना मला अवघडल्यासारखं झालं. ज्याच्या नावानं मी शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर गोळे काढत होतो, त्याला आता पुड्या बांधून नेतोय. पण गुरूच्या प्रसन्नतेचा हा मार्ग मला नवा नव्हता, पीएच.डी. केलेल्या कोणालाही विचारा.

सगळ्यात विचित्र वाटतो तो 'बॅटल हब'. हे एक भलंमोठं काल्पनिक सभागृह आहे आणि त्यात काय आहे? मशिनं. तीच जुन्या पार्लरातली, ओळीनं मांडलेली. समोरासमोर बसायचं आणि खेळायचं. जगभरची खरी पार्लरं बंद पडू दिली आणि मग संगणकात एक बांधलं. वर त्यात बसायला खुर्च्याही दिल्या. आम्हाला कधी मिळाल्या होत्या? तिथे येणारे आपापली सोंगं स्वतः घडवतात. परवा माझ्यासमोर एक जांभळा गृहस्थ येऊन बसला. हात गुडघ्याखाली, मान जवळजवळ नाही, केस हिरवे. त्यानं मला अदबीनं वाकून नमस्कार केला, पाडलं आणि पुन्हा वाकून नमस्कार केला. आमच्या गल्लीत जिंकणारा आधी शिवी द्यायचा, मग पाणी द्यायचा. जांभळ्याच्या सभ्यतेपुढे मला काय करावं तेच कळेना. मी दोन टाळ्या वाजवण्याचं बटण दाबलं.

भाचा हल्ली मला सहानुभूतीनं वागवतो. "मामा, वयानुसार रिफ्लेक्स जातात, त्यात लाजायचं काय?" असं तो बायकोच्या देखत म्हणाला, तेव्हा मी राखून ठेवलेलं अस्त्र काढलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३च्या सप्टेंबरमध्ये याच मालिकेच्या पाचव्या भागाला पदक ठेवलं होतं. सुवर्णपदक घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी. वय चव्वेचाळीस. माझ्याच जन्मसालाचा माणूस! सोन्याचं पदक, राष्ट्रगीत, ध्वज, सगळं काही, आणि तेही पार्लरातल्या विद्येवर.

हे भाच्याला सांगून समाधान होईना, म्हणून रविवारी साताऱ्याला आईला फोन लावला. तपशीलवार सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "तू कानाला धरून दर वेळी त्या गाळ्यातून बाहेर काढलं नसतंस, तर आज..."

"काय आज?" आई म्हणाली. "कान धरायच्या आधी मी मागे उभी राहून बघायची. ते सगळे गोरे धट्टेकट्टे सोडून तू आपला तो उपाशी बुवा घ्यायचास आणि मार खायचास. तुझा रुपया संपेपर्यंत थांबायचे मी. नाहीतर तेवढ्यात दळण आणून झालं असतं."