फोडणी, कथक आणि खालच्या आजी

स्टुटगार्ट,
रविवार (म्हणजे चिडीचूप)

ती. आई-अप्पांना,
सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तुझा आवाज ऐकून वाटलं, अप्पांना काही झालं की काय. मग कळलं, वरच्या नव्या बिऱ्हाडाने सुकट भाजली आणि अप्पांनी सोसायटीच्या सभेसाठी अर्ज लिहायला घेतलाय. अप्पांचा अर्ज म्हणजे किमान चार पानं आणि ओळीआड 'सबब'. फोनवर ते मला बोलू देत नाहीत, म्हणून कुकर होईपर्यंत हे पत्र.

पार्सल पोचलं. गोडा मसाला शाबूत, मेतकूट फुटलं. रेवाच्या परकराला अजून वास येतोय, तरी तोच घालून शाळेत निघाली होती. मंदाआत्यांनी आहेर परत केला म्हणतेस? नशीब, या वेळी उघडून तरी पाहिला.

अप्पा, तुम्हाला नियमांची एवढी हौस, तर इथे या. आमच्या इमारतीत केअरवोखं असते, म्हणजे आठवड्याची झाडण्याची पाळी. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते आणि जिना पुसावा लागतो. जिना स्वच्छ आहे ही सबब चालत नाही. स्वच्छ जिनाच पुसायचा असतो. महापालिकेने याची सक्ती १९८८ साली उठवली, पण भाडेकरारांनी काही सोडली नाही. माझी पाटी उद्या सुटेल, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या मुठीला अडकवताना मी मोठ्याने हसणार आहे.

रविवारी तर राज्यघटनाच आडवी येते. रविवार विश्रांतीचा, हे १९१९ च्या घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेने जसंच्या तसं ठेवलंय. दुकानं बंद. ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो! आमच्या घरमालकांनी या यादीत मिक्सरही घातलाय. त्यामुळे चटणी शनिवारी वाटायची आणि पाहुण्यांनी शनिवारीच कळवायचं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. वाटणीत एकीने सगळा आवाज घेतला आणि दुसरीने सगळी शांतता.

आत्ता अकरा वाजलेत आणि बाहेर काही म्हणजे काही नाही. तिकडे या वेळी रद्दीवाला, जोशीकाकूंची भांडी, नानाकाकांचा रेडिओ. त्या रेडिओवरून मी दहावीत केवढी भांडले होते! आज कुणी तो फोनजवळ धरला तर शेतकऱ्यांसाठीचं हवामानसुद्धा शेवटपर्यंत ऐकेन. असो. कांदा चिरतेय, म्हणून डोळ्यांना पाणी.

तर खालच्या आजी. परवा जिना पुसत होते आणि त्या वर येत होत्या. ओल्या पायरीवर पाय न ठेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी पाचला मी फिरायला जाते. पाऊस असला तरी." मंगळवारी पाचला रेवाचं कथक असतं, आणि आमची जमीन लाकडी फळ्यांची! "आणि तुम्ही तेलात ते काहीतरी टाकता ना, तेव्हा मी खिडकी लावते. मग उघडते." सूर तक्रारीचा नव्हता, गाडीचं वेळापत्रक सांगावं तसा होता. म्हणजे इतके दिवस बाई आमच्या ता-थैपायी छत्री घेऊन बाहेर पडतेय! आणि मी रोज सुहासकडे गाऱ्हाणं करते ते कसलं, तर या आजी सकाळी खिडकीचं शटर वर ओढतात त्या खडखडाटाचं.

अप्पा, आपण कुणाला किती सोसतो ते ज्याला त्याला तोंडपाठ असतं. आपल्याला कोण किती सोसतं, हे असं कुणी जिन्यात अडवून सांगितलं तरच कळतं. तुम्ही पहाटे पाचला खणखणीत रामरक्षा म्हणता. वरच्यांकडे तान्हं बाळ आहे, असं आईच सांगत होती. त्यांचा अर्ज आलाय का? इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. तुमचा राम रोज नियमात सापडला असता. सुकटीचा वास तासाभरात जातो. अर्ज मात्र सोसायटीच्या फायलीत तुमच्या सहीनिशी राहील, आणि जिना रोज दोघांनाही चढायचाय.

कुकर झाला. रेवाला भूक लागलीय, सुहासला हे पत्र वाचायचंय, दोघांनाही थांबवलंय.

तुमची,
मीनू

ता. क. आई, फुलस्केप कागद लपवून ठेव आणि वरच्या बाईंना सुकटीच्या चटणीची कृती विचार, सुहासने निरोप दिलाय. सुकट पाठवू मात्र नकोस. आधी आजींना हिंग पचू दे.