घरचंच, पण तटस्थ

तीन सामने. एक आपल्या मैदानावर, एक समोरच्याच्या मैदानावर, एक तटस्थ मैदानावर. आयर्लंडमधल्या गेलिक फुटबॉलच्या उपांत्यपूर्व फेरीला २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं हा नियम होता. आठ काउंट्या, चार-चारचे दोन गट, आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक सोय, एक गैरसोय आणि एक ना सोय ना गैरसोय. इतका समतोल नियम पाहिला की माणसाला पंचायत राज्यावर पुन्हा विश्वास वाटू लागतो. तटस्थ मैदान म्हणून क्रोक पार्क ठरलं. राष्ट्रीय मैदान, ८२ हजार माणसं मावतात, कुणा एकाचं नाही, सगळ्या देशाचं. मग प्रत्येकीला तिचं घरचं मैदान विचारण्यात आलं. डब्लिनकर म्हणाले, क्रोक पार्क.

आणि ते लिहून घेण्यात आलं.

हे लिहून घेणाऱ्या माणसाबद्दल मला अपार कुतूहल आहे. त्याच्यासमोर तक्ता असणार. एका रकान्यात ‘घरचं’, शेजारच्या रकान्यात ‘तटस्थ’. दोन्हीत त्याने एकच नाव लिहिलं, तेव्हा पेन थांबलं का? चहा मागवला का? की खालच्या रकान्यात ‘समोरच्याचं’ म्हणूनही क्रोक पार्कच टाकून मोकळं व्हावं, असा मोह त्याला क्षणभर झाला आणि सदसद्विवेकबुद्धीने त्याने तो आवरला? तसं असेल तर त्याचं कौतुकच केलं पाहिजे. एक सामना तरी त्याने वाचवला.

२०१८ चं वेळापत्रक बघा. जुलैच्या मध्यावर डब्लिन विरुद्ध डनिगॉल, क्रोक पार्क, तटस्थ. मग डब्लिनचा संघ ओमाला जाऊन टिरोनशी खेळून आला. ऑगस्टच्या सुरुवातीला डब्लिन विरुद्ध रॉसकॉमन, क्रोक पार्क, घरचं. म्हणजे जुलैत ज्या गवताला डब्लिन कोण आणि डनिगॉल कोण याचं काही सोयरसुतक नव्हतं, ते तीन आठवड्यांत डब्लिनचं सख्खं झालं. गवताने पक्षांतर केलं. मधल्या काळात काय बदललं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. गोलपोस्ट तेच, फाटकं तीच, बाहेरचे पब तेच, पबमधली माणसं तीच, त्यांच्या अंगातली निळी जर्सीही तीच, फक्त मधे धुतली असली तर. डनिगॉलचा माणूस या तटस्थ मैदानावर यायला तीन तास गाडी हाकतो. रेल्वेने का येत नाही, असं विचारू नका. अख्ख्या डनिगॉलमध्ये रेल्वेचा एक रूळ उरलेला नाही. डब्लिनचा माणूस त्याच तटस्थ मैदानावर जेवण करून, जरा पडून, मग चालत येतो. आपल्याकडे लग्नाची बोलणी तटस्थ जागी करू म्हणून वरपक्षाच्या काकांच्या मंगल कार्यालयात बोलावतात, तशातली ही गोष्ट. फक्त तिथे काका निदान चहाचे पैसे घेत नाहीत.

या मैदानाच्या एका टोकाला हिल सिक्स्टीन नावाचा उभ्याने सामना बघायचा उतार आहे. तो डब्लिनकरांचा. कागदावर तसं कुठे लिहिलेलं नाही, पण हवेत लिहिलेलं आहे. २००६ च्या उपांत्य सामन्याआधी मेयोचा संघ सराव करायला त्या टोकाला गेला. बस्स, एवढंच केलं त्यांनी. चेंडू काढले आणि गोलाकडे मारायला लागले. तटस्थ मैदानाच्या दोन टोकांपैकी एका टोकाला पाहुणे उभे राहिले, आणि देशभर अशी खळबळ उडाली की जणू कुणी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलं. मेयोने तो सामना एका गुणाने जिंकला, पण आजही लोकांच्या तोंडी सामना नाही, सरावच आहे. ज्या मैदानावर पाहुण्याने कुठे उभं राहायचं हे यजमान ठरवतात, त्याला तटस्थ म्हणायला छातीच पाहिजे.

इथे एक समजूतदार गृहस्थ पुढे येतात. ते प्रत्येक काउंटीत असतात, प्रत्येक समितीत असतात, आणि त्यांचा आवाज कधी चढत नाही. ते म्हणतात, अहो, पण डब्लिनने खेळायचं कुठे? त्यांना दुसरं मैदान आहे कुठे?

आहे. पार्नेल पार्क. क्रोक पार्कपासून चारेक किलोमीटरवर. डब्लिनचा हर्लिंगचा (हाही गेलिक खेळच) संघ तिथे खेळतो आणि अजून तरी धडधाकट आहे. पण ते लहान पडतं, गृहस्थ म्हणतात, जेमतेम आठ-साडेआठ हजार माणसं. फुटबॉलला तेवढ्यात कसं भागणार?

पटलं. मैदान लहान असेल तर मोठ्या मैदानाची सोय झालीच पाहिजे. फक्त त्याच २०१८ च्या उन्हाळ्यात, थोडंच आधी, किल्डेरचं काय झालं ते याच गृहस्थांना विचारा. किल्डेर आणि मेयो यांच्या सामन्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, किल्डेरचं नाव आधी निघालं, म्हणजे सामना किल्डेरच्या घरी, न्यूब्रिजला. नियमच तसा. न्यूब्रिजचं मैदानही आठेक हजारांचं. तेव्हा किल्डेरला सांगण्यात आलं की तुमचं मैदान लहान आहे, प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, सबब घरचा सामना रद्द, निघा क्रोक पार्कला. एकाच उन्हाळ्यात, एकाच खेळात, साधारण एकाच मापाच्या दोन मैदानांना दोन निकाल. एकाला सांगितलं, तुझं घर लहान आहे, म्हणून तुझं घर गेलं. दुसऱ्याला सांगितलं, तुझं घर लहान आहे, म्हणून देशाचं घर तुझं. आणि दोन्ही निकालांच्या शेवटी पत्ता एकच, क्रोक पार्क! किल्डेरकर म्हणाले, न्यूब्रिज, नाहीतर कुठेच नाही. सामना सोडून द्यायची तयारी दाखवली त्यांनी. काही दिवस बोंबाबोंब झाली आणि सामना मुकाट्याने न्यूब्रिजला झाला. गर्दीने कुठली भिंत पडली नाही. किल्डेर जिंकलं.

डब्लिनला चार किलोमीटर जाववत नाही. आता ही एक वेगळीच कथा ऐका. कॉनक्ट प्रांताच्या स्पर्धेत न्यूयॉर्कचा संघ खेळतो. होय, अमेरिकेतलंच न्यूयॉर्क. त्यामुळे प्रांतातल्या काउंट्यांना पाळीपाळीने प्रांतिक स्पर्धेचा पहिला सामना खेळायला अटलांटिक ओलांडून ब्राँक्सला जावं लागतं. २०२३ मध्ये पाळी लीट्रिमची होती. लीट्रिम म्हणजे ३५ हजार वस्तीची काउंटी. प्रांताचं विजेतेपद तिला आजवर दोनदाच मिळालं, १९२७ आणि १९९४. पोरं विमानाने गेली, ब्राँक्समधल्या लहानशा मैदानावर खेळली, पेनल्टीवर हरली, विमानाने परत आली. मैदान लहान आहे, प्रवास लांबचा आहे, असं कुणी म्हणालं नाही. लीट्रिमला महासागर चालतो. राजधानीला चार किलोमीटर म्हणजे गैरसोय.

बरं, २०१९ मध्ये डनिगॉलने रीतसर ठराव आणला: या फेरीत क्रोक पार्क कुणाचंच घरचं मैदान नसावं. साधा ठराव, पाचवीतल्या पोरालाही पटेल असा. तो पडला. आणि पाडला कुणी? एकट्या राजधानीकडे एवढी मतं नाहीत. पाडणाऱ्यांत त्याच काउंट्या होत्या, ज्यांना तीन तास गाडी हाकून तटस्थ व्हायला जावं लागतं. त्यांचंही खरं आहे म्हणा. क्रोक पार्क भरलं की तिजोरी भरते, आणि तिजोरीतून सगळ्यांना वाटा जातो. कुणाच्या स्टँडचं छप्पर, कुणाच्या पोरांचा प्रशिक्षक, कुणाचे फ्लडलाइट. डब्लिनचा सामना क्रोक पार्कमध्ये झाला तर लीट्रिमचं छप्पर गळायचं थांबतं, असा हा हिशोब आहे. मग हात वर कोण करणार? ज्याने आपल्याला हरवायचं, त्याच्याच गल्ल्यातून आपली वर्गणी येते. अशा घरात ठराव मांडायचा नसतो, जेवण छान झालंय म्हणायचं असतं.

आणि तिजोरीचं म्हणाल तर तिथेही क्रोक पार्कचाच न्याय आहे. शहरातली पोरं सॉकर आणि रग्बीकडे पळतील या धास्तीने २००० च्या दशकाच्या मध्यापासून डब्लिनला प्रशिक्षणासाठी वर्षाला दहा लाख युरोंहून अधिक रक्कम अनेक वर्षं मिळत राहिली. धास्ती रास्त होती. साडेचौदा लाखांचं शहर हातचं गेलं तर खेळ कुठला राहायला? पण पोरं पळाली नाहीत. उलट २०१५ ते २०२० सलग सहा वर्षं डब्लिनने देशाचा चषक नेला आणि २०११ ते २०२४ सलग चौदा वर्षं लेन्स्टर प्रांताचा. संघ अफलातून होता, यात शंका नको. पार्नेल पार्कवर खेळवला असता तरी त्यातले बरेच चषक त्यांनीच नेले असते. पण ज्या धास्तीपोटी मदत सुरू झाली, ती धास्ती चौथ्या चषकाला संपली की नाही, हे बघायला कुणाला सवड नव्हती. पुढे वाटपाची रीत बदलली. तोवर चषक वाटून झाले होते.

आता मला जरा स्पष्ट बोलू द्या, कारण या सगळ्या थट्टेत ज्याच्यावर खरा अन्याय होतो तो माणूस बाजूलाच राहतो. लीट्रिमच्या संघातला पोरगा लीट्रिममध्ये राहत नाही. राहून करील काय? नोकरी डब्लिनला. खोली डब्लिनला, पगाराचा निम्मा हिस्सा खाणारी. या खेळात कुणाला पगार नाही. जर्सी घरच्या काउंटीची आणि मान तेवढा मिळतो. म्हणून मंगळवारी ऑफिस सुटलं की हा पोरगा सँडविच हातात धरून गाडी काढतो आणि दीडशे किलोमीटरवर कॅरिक-ऑन-शॅननला पोचतो, चिखलात दीड तास धावतो, आणि त्याच रात्री परत दीडशे किलोमीटर येतो, कारण बुधवारी सकाळी मीटिंग आहे. गुरुवारी पुन्हा तेच. शनिवारी किंवा रविवारी सामना, म्हणजे पुन्हा तेच. सराव वाढले की फेऱ्याही वाढतात. त्याचं ‘घरचं मैदान’ दीडशे किलोमीटरवर आहे आणि ‘तटस्थ’ मैदान त्याच्या खोलीपासून दोन बस थांब्यांवर, आणि त्या मैदानात तो वर्षानुवर्षं फक्त तिकीट काढून जातो! १९९४ साली लीट्रिमने प्रांत जिंकला, सबंध काउंटी रस्त्यावर आली, तेव्हा उपांत्य सामन्याला त्यांना बोलावलं होतं क्रोक पार्कला. समोर कोण? डब्लिन. आयुष्यात एकदा दार उघडलं, आणि आत बघतात तर यजमान आधीच पंक्तीला बसलेले. आणि या पोराच्या पेट्रोलचं काय? २०२२ मध्ये आठवड्याला किती सरावांचा प्रवासखर्च द्यायचा यावर खेळाचे कारभारी मर्यादा घालायला निघाले, आणि खेळाडूंना त्यासाठी भांडावं लागलं. आठवड्यात चारच सराव मोजा म्हणे. मर्यादा सगळ्यांना सारखी, हे अर्थातच समजूतदार गृहस्थांनी सांगितलं. सारखी! डब्लिनचा खेळाडू सायकलवरून सरावाला जाऊ शकतो, त्याला मर्यादा शून्याची घातली तरी त्याचं काही बिघडत नाही. ही मर्यादा बोचते ती दीडशे किलोमीटरवाल्याला, आणि त्यालाच बोचते. क्रोक पार्कला कोट्यवधींचा हिशोब चुटकीसरशी जमतो आणि एका पोराच्या पाचव्या फेरीचं पेट्रोल मात्र खेळाचा आर्थिक कणा मोडतं! याला हिशोब म्हणत नाहीत. याला निर्लज्जपणा म्हणतात. २०२५ च्या लीगमध्ये लीट्रिमला एक सामना खेळाडू जमले नाहीत म्हणून सोडून द्यावा लागला, तेव्हा सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. हळहळायला पेट्रोल लागत नाही.

असो. रागावल्याने रक्तदाब वाढतो आणि त्यावरचे डॉक्टरही डब्लिनलाच आहेत.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर कुणी म्हणेल हा माणूस फक्त कुरकुरतो. ती दोन वर्षांची फेरी २०१९ नंतर बंद पडली. २०२३ ते २०२५ या वर्षांत गटातला तिसरा सामना खरोखरच तिऱ्हाइताच्या मैदानावर झाला. २०२४ मध्ये डब्लिन आणि मेयो रॉसकॉमनला खेळले. डब्लिनचा संघ बसमध्ये बसला, शॅनन नदी ओलांडली, उतरला, खेळला. कुणाला विषबाधा झाली नाही. सामना बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी लेन्स्टरच्या उपांत्य सामन्यात डब्लिन आणि मीथ पोर्टलीशला खेळले, जे दोघांपैकी कुणाचंच गाव नाही, आणि चौदा वर्षांची ती साखळी तुटली. अंतिम सामन्यात लाऊथने मीथला हरवून प्रांताचा चषक नेला. लाऊथमध्ये माणसं रडली, म्हातारी माणसंही. खेळाचं बरं चाललं असताना असं होतं.

तेव्हा पुढच्या तक्त्याचे रकाने भरणाऱ्या सद्गृहस्था, मैदानांची यादी तू बघशीलच. त्याआधी एक काम कर. मंगळवारच्या आणि गुरुवारच्या पेट्रोलचे पैसे, पाचव्या फेरीसकट, लीट्रिमच्या पोरांना देऊन टाक.