एक दिवसाचा खाडा धरला जाणार नाही

पुण्याच्या पेठांमध्ये शिकायला आलेल्या मुलाने कधी जेवायचं, हे त्याची भूक ठरवत नाही. मेसच्या गल्ल्यामागची पाटी ठरवते. ‘एक दिवसाचा खाडा धरला जाणार नाही. सलग दोन दिवसांचा खाडा आदल्या दिवशी सांगावा.’ आता ताप काही आदल्या दिवशी सांगून येत नाही. मग पोरगा फणफणलेल्या अंगाने, कानाला मफलर गुंडाळून मेसवर हजर होतो. चार घास कसेबसे गिळतो, पापड शेजारच्याला देतो आणि पैसे वसूल झाल्याच्या समाधानात डॉक्टरकडे जातो.

रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. गुलाबजाम मोजून मिळतात, त्यामुळे सगळा सूड मसालेभातावर. संध्याकाळी सातला कुणालाच भूक नसते. साडेनऊला ती सगळ्या गल्लीला एकदम लागते, आणि कोपऱ्यावरच्या भुर्जीवाल्याला मान वर करायला फुरसत राहत नाही.

कॉट बेसिसवाल्यांची तऱ्हा वेगळी. मालकीणबाई खोली दाखवतानाच बजावतात, “स्वयंपाक चालणार नाही. चहा केलात तर चालेल.” या एका सवलतीतून पोरं अख्खं स्वयंपाकघर उभं करतात. केटलमध्ये पहिल्या महिन्यात खरोखर चहाच होतो. मग मॅगी. मग अंडी. परीक्षा जवळ आली की मुगाची खिचडी. ती तळाला लागते, चमच्याने खरवडली तरी पुरती निघत नाही, आणि पुढचे चार दिवस चहाला हळदीचा रंग येतो. काकू दारात येऊन हुंगतात.

“कसला रे वास?”

“मसाला चहा, काकू.”

“जिऱ्याची फोडणी घालून?”

पण काकू आत येत नाहीत. आत आल्या तर केटल दिसेल, मग बोलावं लागेल, आणि महिन्याच्या मध्यात नवा कॉटवाला कुठून आणायचा?

फ्लॅट घेऊन राहणाऱ्या चौघांना असा कुणाचाच जाच नसतो, म्हणून त्यांचे हाल जास्त. पहिल्या आठवड्यात मंडईतून मेथीची जुडी येते. ती कुणी निवडायची यावर चर्चा होते आणि चर्चा संपेपर्यंत जुडी पिवळी पडते. पुढे पुढे कुठली भाजी करायची, हे कढई घासायची पाळी कुणाची यावर ठरतं. कढई न लागणारे पदार्थ फार नाहीत. त्यात उकडलेली अंडी येतात.

राहण्याच्या जागेने जेवण ठरवावं, ही रीत काही आजची नाही. वार लावून शिकणाऱ्या मुलाचं सोमवारचं जेवण एका घरी, मंगळवारचं दुसऱ्या. ज्या घरचा वार, त्या घरची चव. आणि खाड्याचा हिशेब? तिथे चुकवलं ते जेवण गेलंच! साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली बोर्डिंग काढलं, तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आली म्हणूनच एका पंगतीला बसली. एरवी त्या काळात ही पंगत कुठे बसणार होती? पोरांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या पंगतीत भाजीला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नसेल, असं आपल्याला वाटतं. पण मुलंच ती, ठेवलीही असतील.

राहता राहिला घरून येऊन-जाऊन शिकणारा. त्याच्या डब्यात दुधीची भाजी असते आणि मन कँटीनच्या वड्यात. वर्गात डबा उघडायचा अवकाश, हॉस्टेलची पोरं तुटून पडतात. स्वतःच्या घरी ज्यांनी दुधीचं ताट सरकवून दिलं होतं, तीच आता डबा पोळीने पुसून देतात. संध्याकाळी रिकामा डबा पाहून आईला भरून येतं. पोराला दुधी आवडायला लागला! मग आठवड्यातून तीनदा दुधी.