दाबमीमांसा : सेनगावी अणुसंमीलनार्थ योग्य विजेचा शोध

घरच्या खोलीत अणूंचे संमीलन घडवू पाहणाऱ्याला प्रथम उच्च दाब लागतो. (हा शब्द उच्चारताच गावातले ज्येष्ठ मीठ कमी करायला सांगतात, तो दाब वेगळा.) शास्त्राला हवा तो उणे ३० ते ४० हजार व्होल्टचा, एकाच दिशेचा आणि निदान १० मिलिअँपिअर प्रवाह सलग पुरवणारा. निर्वात भांड्यातल्या जाळीला तो दिला की ड्युटेरियमचे आयन तिच्याकडे धावतात आणि त्यातले मोजके एकमेकांवर आदळून जुळतात. यातून वीज मिळत नाही, उलट जाते. ती आणावी कुठून, एवढाच येथे विचार.

पहिला पक्ष झटका मशीनचा. रानडुकरांपासून हरभरा राखणारे हे यंत्र हजारो व्होल्ट देते, पण थांबून थांबून, टिक्‌ टिक्‌. डुकराला तेवढे पुरते, ड्युटेरियमला नाही. याच न्यायाने गॅसचा लायटर बाद.

दुसरा पक्ष ३३ केव्हीच्या लाइनचा. एका तारेचा जमिनीशी दाब १९ हजार, लाटेच्या माथ्यावर २७ हजार; प्रवाहाला तर तोटाच नाही. मात्र वहीत मांडायचा आकडा वेगळा आणि तारेवर टाकायचा वेगळा. दुसऱ्याला २००३च्या विद्युत कायद्याचे कलम १३५ लागते, अर्थात अभ्यासक तोवर हयात असल्यास.

तिसरा पक्ष जुन्या रंगीत टीव्हीच्या ईएचटीचा, म्हणजे आतल्या उच्च दाबाच्या भागाचा. येथे भावना गुंतते, कारण फ्यूझर हे जाळीयंत्र काढणारा फायलो फार्न्सवर्थ हाच १९२७ साली इलेक्ट्रॉनिक टीव्हीवर पहिले चित्र उमटवणारा. दाब २५ हजारांच्या घरात, पण धन. आणि प्रवाह जेमतेम एखादा मिलिअँपिअर. नाते जुळते, पत्रिका जुळत नाही.

चौथा पक्ष लोक हसण्यावारी नेतात : डास मारायची रॅकेट. उघडून पाहावी. आत डायोड आणि कपॅसिटरची तीच शिडी सापडते, जी लावून कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजला लिथियमचे केंद्रक फोडले. पायऱ्या वाढवाव्यात तसा दाब चढतो. पण प्रवाह ओढताच होणारी घसरण पायऱ्यांच्या घनाच्या हिशेबाने वाढते. डासाला हे गणित ठाऊक नसते, म्हणून तो मरतो.

उरतो सिद्धान्तपक्ष : मोडीत निघालेल्या एक्स-रे यंत्राचा तेलात बुडालेला ट्रान्सफॉर्मर. दाब आहे, प्रवाह आहे. डायोड उलटे जोडले की उणेही मिळते. फक्त भंगारवाल्याने आतल्या तांब्याकडे पाहण्याआधी तो गाठावा लागतो.

होमी भाभांनी १९५५ साली जिनीव्हात भाकीत केले होते की संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल. त्यांच्या हिशेबात शेतीपंप नसावेत. मोटारी सुरू झाल्या आणि घरातल्या २३०चे १८० झाले, की ट्रान्सफॉर्मरपलीकडचे ३० हजारही साडेतेवीस हजारांवर उतरतात आणि संमीलन बरेच मंदावते. सबब प्रयोगाचा मुहूर्त शेजारच्या हळदीचे पाणी आटोपल्यावरचा धरावा.