नाना आणि पंतचा पाय

आमच्या विरार लोकलच्या डब्यात क्रिकेट समजणारे पंचवीसएक जण असतील. क्रिकेटमधली हाडं समजणारे एकटे नाना.

नाना आगाशीचे. सकाळी बसने विरार, तिथून चर्चगेट. तीसएक वर्षं हाच नेम. मॅच असली की आम्ही विचारतो, "स्कोअर किती?" नाना विचारतात, "कोणाला काही झालं नाही ना?" शतक ठोकणाऱ्याचं त्यांना फारसं कौतुक नाही. पण एखादा बोलर रनअपमध्येच थांबला आणि त्याने मांडीवर हात ठेवला, की नानांचा घास हातातच राहतो. खेळाडूंच्या अवयवांची ते नातेवाइकांसारखी चौकशी करतात. "बुमराची पाठ काय म्हणते?" या सुरात. जणू पाठ म्हणजे बुमराची थोरली बहीण आणि तिच्या लग्नाचं बघताहेत.

निदानाच्या बाबतीत नाना आधुनिक आहेत. ग्रॉइन, हॅमस्ट्रिंग, साइड स्ट्रेन, सगळं अस्खलित. उपचार मात्र एकच : आंबेहळद. सहाणेवर उगाळायची, कोमट करायची आणि जाड लेप द्यायचा. केस फारच हट्टी असेल तर निर्गुडीचा पाला शेकून बांधायचा. बंगळुरूच्या अकादमीत एवढा खर्च करतात आणि दारात निर्गुडीचं एक झाड लावत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

हे सगळं २०१८ साली सुरू झालं, असं माझं मत. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सुरू झाली. भारताच्या अकरा जणांत दोन आमच्या लाइनीचे! विरारचा पृथ्वी शॉ, आदल्याच कसोटीत राजकोटला पदार्पणात १३४ केलेला. आणि पालघरचा शार्दूल ठाकूर, पहिलीच कसोटी. नानांनी त्या दिवशी डब्यात सुकेळी वाटली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, घरची, पानात गुंडाळलेली. शार्दूलने दहा चेंडू टाकले आणि जांघ धरली. दहा. आमच्या तोंडातली सुकेळी संपली नव्हती. (सुकेळी लवकर संपतही नाही, ती गोष्ट वेगळी.) पुढच्याच महिन्यात सिडनीला सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना पृथ्वीचा घोटा मुरगळला आणि त्याचा ऑस्ट्रेलिया दौरा तिथेच संपला. दीड महिन्यात लाइनीची दोन्ही पोरं लंगडी! नानांनी कारण शोधून काढलं : लोकल. "लहानपणी किटबॅग घेऊन या गाडीत चढलेली पोरं ती. सांधे तेव्हाच सैल झालेत. वरून दिसत नाही एवढंच."

तेव्हापासून नाना धास्तावलेले असतात. पण ही धास्ती सरळ नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये लखनौला इराणी चषकाच्या सामन्यात शार्दूल अंगात १०२ ताप घेऊन फलंदाजीला उतरला, सर्फराज खानला साथ देत ३६ धावा केल्या आणि तिथून थेट रुग्णालयात गेला. नाना संतापले. "अक्कल आहे का? तापात उन्हात उभं राहायचं?" दोन मिनिटं गेली. मग खालच्या आवाजात, "पण उभा राहिला हां!" मग पुन्हा, "पण आईबापाने काय करायचं अशा वेळी?" विलेपार्ल्यापासून अंधेरीपर्यंत त्यांनी शार्दूलला तीनदा घरी बसवला आणि तीनदा मैदानात पाठवला.

नानांना खेळाडू बरा व्हायला हवा असतो. पण तो बरा नसताना खेळला नाही, तर तो त्यांच्या मनातून उतरतो. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुला ताप असताना तू सीएल टाकतोस का?" मी म्हटलं, टाकतो. त्यानंतर चार दिवस त्यांनी मला चौथ्या सीटवर टेकू दिलं नाही.

२३ जुलै २०२५. मँचेस्टरची कसोटी. वोक्सचा चेंडू रिव्हर्स स्वीप करायला गेलेल्या ऋषभ पंतच्या उजव्या पावलावर आदळला. ३७ धावांवर त्याला छोट्या गाडीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार आणि दिव्याची अवस, त्यामुळे आमच्या अर्ध्या डब्याने गटारी बुधवारी रात्रीच उरकली होती. सकाळी पुष्कळांना काल नक्की काय पाहिलं याची खात्री नव्हती. ती नानांनी दिली. समोरच्या एका गृहस्थांना चप्पल काढायला लावली आणि त्यांच्या पावलावर बॉलपेनने मेटाटार्सलची पाच हाडं काढली. "इथे बसला चेंडू." गृहस्थ कळवळले. नानांनी जरा जोरात दाबलं होतं. "बघा, नुसत्या बोटाने एवढं दुखतं!" निकाल लगेच लागला : सहा आठवडे, पाय टेकायचा नाही. वसई येता येता पुरवणी निकाल लागला : "गरज पडली तर येईल म्हणा. यायला हवाच."

संध्याकाळी आम्ही ऑफिसातून निघायच्या बेतात असताना शार्दूल ४१वर बाद झाला आणि पायऱ्यांवरून, कठड्याला धरून, पंत खाली उतरू लागला. स्टेशनवर नाना भेटले ते अपराधी चेहऱ्याने. "आपल्या पोरामुळे त्याला यावं लागलं रे. अजून अर्धा तास काढला असता..." घरच्या मुलाने शेजाऱ्याची काच फोडली असावी तसे ते डब्यात सगळ्यांकडे बघत होते.

गाडीत पाऊण डबा एका मोबाइलवर. पंत एक धाव घ्यायला निघाला की नाना स्वतःचा उजवा पाय उचलून धरायचे, आणि विरार फास्टमध्ये एकदा उचललेला पाय परत ठेवायला जागा राहत नाही. "रनर द्या ना त्याला!" आंतरराष्ट्रीय सामन्यांत रनर २०११मध्येच बंद झाला, असं कोणीतरी सांगितलं. डोक्याला लागलं तर बदली खेळाडू मिळतो, पाय मोडला तर नाही, हेही सांगितलं. "का? पाय काय डोक्याला जोडलेला नसतो?" या शरीरशास्त्रापुढे कोणी बोललं नाही.

आर्चरला पंतने षटकार मारला तेव्हा बोरिवलीचे लोक चढत होते; त्यातल्या एकाला नानांनी मिठी मारली. एरवी बोरिवलीवाल्याला विरार गाडीत मिठी काय, दांडीही मिळत नाही. पन्नास झाल्या. नानांच्या डोळ्यांत पाणी. भाईंदरच्या खाडीवर मोबाइलवरचं चक्र फिरत राहिलं आणि नायगावला कळलं, ५४वर आर्चरने त्रिफळा उडवला.

"सुटला बिचारा," नाना म्हणाले. नालासोपाऱ्याला म्हणाले, "शंभर झाले असते."

तेव्हापासून वोक्स हा नानांचा वैरी. "पायावर टाकतो म्हणजे काय!" रिव्हर्स स्वीप पंतनेच काढला होता, हे कोणीही त्यांना सांगितलं नाही. आम्हाला रोज त्याच गाडीने जायचं असतं.

पण आठवड्याभरातच ओव्हलला सीमारेषेवर चेंडू अडवताना वोक्सचाच खांदा गेला. ४ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, इंग्लंडचे नऊ बाद झाले आणि स्वेटरच्या आत हात बांधून, एका हातात बॅट धरून वोक्स मैदानात आला. माझा फोन वाजला. नाना, उपाशी पोटी आणि कातर आवाजात : "अरे, धावायला लावताहेत त्याला!" खरंच लावत होते. वोक्सला एकही चेंडू खेळावा लागला नाही, पण प्रत्येक धावेला त्याचा चेहरा पिळवटत होता. "सिराजला सांगा कोणीतरी, लवकर संपव म्हणावं. त्या माणसाला घरी जाऊ दे." सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि भारत ६ धावांनी जिंकला. नाना म्हणाले, "निखळलेल्या खांद्याला आंबेहळद चालेल का रे? की आधी शेकावं?"

त्या रविवारी आगाशीला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा आणला, उजव्या हाताने. डावा अंगाशीच धरलेला. माझी नजर तिकडे गेली.

"होळीपासून वर जात नाही," त्या म्हणाल्या. "फळीवरचा डबा काढायला शेजारच्या मुलाला बोलावते. ह्यांना कळलं परवा. टीव्हीवर तो गोरा हात बांधून आला ना, तर एकदम वळून माझ्याकडे बघत म्हणाले, 'तुझापण डावाच का गं?'"

आत नाना सहाण धूत होते.