चर्च, डुकरं आणि मोकळे विचार

हल्ली कंपन्यांमध्ये मोकळ्या विचारांसाठीही वेळ राखून ठेवलेला असतो. बहुधा मंगळवारी, दहा ते बारा. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, टेबलावर बिस्किटं आणि समोर एक उत्साही गृहस्थ. ‘आज बजेट विसरा, नियम विसरा, सुचेल ते बोला!’ पोरांचे डबे भरून, क्रेगीबर्नहून सकाळची गाडी गाठून मेलबर्नच्या ऑफिसात पोचलेल्या माणसाला सगळ्यात आधी सुचतं ते घरी जाऊन झोपणं. पण ते चिठ्ठीवर लिहायची सोय नसते. मग तो ‘ए.आय.’ असं लिहितो आणि बिस्किट उचलतो.

या प्रथेचे मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतले जाहिरातवाले ॲलेक्स ऑसबॉर्न. कुणाच्या कल्पनेला नावं ठेवू नका, जितक्या जास्त तितक्या बऱ्या, असे त्यांचे नियम. त्यांचं गाजलेलं पुस्तक १९५३ सालचं. पाचच वर्षांनी येल विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रकार तपासला, तर तेवढ्याच माणसांना एकेकटं बसवल्यावर घोळक्यापेक्षा जास्त कल्पना सुचल्या! बिस्किटांवर मात्र या निकालाचा काहीही परिणाम झाला नाही.

क्रेगीबर्नहून सिडनी रोडने दक्षिणेला निघालं की कॅम्पबेलफील्डला फोर्डचा जुना कारखाना लागतो. तिथली मोटारनिर्मिती २०१६ साली थांबली. पण याच कंपनीला १९३०च्या दशकात व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने पत्र लिहिल्याचं सांगतात. मागणी साधी होती : रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजाराला नेता येतील, अशी एकच गाडी द्या. दोन गाड्या घेणं परवडत नव्हतं. जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँड्ट या तरुणाने पुढे मोटार आणि मागे हौदा असं वाहन आखलं, आणि १९३४ साली ऑस्ट्रेलियाची लाडकी ‘यूट’ रस्त्यावर आली. बाईंना कुणी ‘बंधनं विसरा’ म्हटलं असतं, तर त्यांनी दोन गाड्या मागितल्या असत्या आणि गोष्ट तिथेच संपली असती.

ॲडलेडच्या लान्स हिल यांचंही तसंच. दोरी आणि टेकूच्या जागी काहीतरी स्वस्त हवं, हा बायकोचा लकडा. त्यातून १९४५ साली गोल फिरणारी कपडे वाळत घालायची ‘हिल्स हॉइस्ट’ उभी राहिली आणि देशभर मागीलदारी जाऊन बसली.

आपल्या गिरगावातही १९५९ साली सात बायकांनी उसने ऐंशी रुपये घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. घर सोडून दिवसभर कामाला जाणं अनेकींना शक्य नव्हतं. म्हणून मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड परत आणून द्यायचे, अशी रीत पडली आणि ‘लिज्जत’चा कारखाना घराघरांत पांगला. बंधन न तोडता त्याचाच सांगाडा करून उभा राहिलेला हा धंदा.

क्रेगीबर्नच्या नव्या वसाहतींत घरं ऐसपैस, पण मागचं अंगण चतकोर. हिल्स हॉइस्टला फिरायला जागाच नाही, म्हणून भिंतीला घडीची दांडी. सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आलेल्या आजी ओली नऊवारी हातात धरून विचारतात, “अगं सूनबाई, एवढा मोठा बंगला बांधला, आणि लुगडं वाळत घालायला चार हात दोरी नाही?” सूनबाई हसून विषय बदलते. खरं तर तिने हे वाक्य लिहून ठेवायला हवं.

मोकळा विचार चांगलाच, पण त्याला अडायला काहीतरी लागतं. कंपन्यांना एकच विनंती आहे : सल्लागारांचं मानधन वाचवा आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी नीट वाचा. फुकटात मिळणारा इतका चांगला कच्चा माल दुसरा नाही.